मल्लिनाथ, तुझ्या बेअरिंगचं काय सांगू?

माघ वद्य दशमी, मंगळवार. इंजिनाचा सौदा बाराशे रुपयांना ठरला. हजर होते जळकोटचे विश्वनाथअप्पा, ज्यांना विहिरीवर बसवायला इंजिन हवं होतं ते, आपले हमीद मिस्त्री, तुझ्या घरच्या शिवगंगा वैनी, आणि मी. विसार म्हणून पंचवीस रुपये आले. बाकी रक्कम शुक्रवारी गाडी आणून इंजिन नेताना द्यायची, असं ठरलं.

तू असतास तर हा सौदा तेराशेला केला असतास आणि वर विश्वनाथअप्पांनाच चहा सांगायला लावला असतास. मी बाराशे म्हणालो, कारण बाराशे मला पटत होते. वैनी दाराआड उभ्या होत्या. निम्मे सहाशे त्यांचे. तेवढ्यावर लेकीला घेऊन माहेरी इंडीला जायचं आणि शिलाईचं मशीन घेऊन बसायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. त्यांच्याजवळ दुसरं काही नाही हे तुला मी सांगायला नको. ते तुला माहीत होतं, आणि तरी तू नवं डिझेल आणत होतास.

मल्लिनाथ, मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि तू नाहीस. गिरणीत गेलो की मी अजून मोठ्या चाकाच्या बाजूला बघतो. तिथं तू पोत्यावर बसलेला असायचास, डावा हात बेअरिंगच्या टोपणावर ठेवून. वैद्यानं नाडी बघावी तसा. दळणाला आलेल्या बायका हसायच्या. "अप्पा, ताप हाय का हो इंजिनाला?" आणि तू अगदी गंभीरपणे म्हणायचास, "थोडी कणकण हाय."

जहागिरी मोडल्या तेव्हा माझी मुनीमकी गेली. हातात वळणदार उर्दू अक्षर होतं आणि घरात पाच तोंडं. नव्या कचेरीत त्या अक्षराला कुणी विचारत नव्हतं. तू दारात आलास, बसलाही नाहीस. "मुनीम, गिरणी टाकू. पैसा निम्मा निम्मा, आकडे तुझे, डोकं माझं." मी म्हणालो, माझ्याजवळ पैसा नाही. तू म्हणालास, "मग डोकं तरी कुठं हाय माझ्याजवळ? दोघं बी उधारीवर करू." आमच्या घरच्या पाटल्या मोडून आणि तुझी जोंधळ्याची शिल्लक विकून, जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली, सोलापुराहून हे जुनं इंजिन आणलं. त्या दिवसापासून माझ्या घरात दोन वेळची चूल पेटली. हे मी तुला कधी म्हणालो नाही. म्हणायला गेलो असतो तर तू थट्टा केली असतीस.

इंजिनाच्या धुराच्या नळीवर तू पत्र्याचा डबा उपडा बसवलास. त्याच्या पुकपुक आवाजावरून जळकोटच्या रस्त्यापर्यंत कळायचं की नळदुर्गाची गिरणी चालू आहे. बायका दळणाची पाटी उचलायच्या. पण दर थोड्या दिवसांनी तो आवाज जड व्हायचा, मग खडखडायचा, मग मोठ्या चाकाकडचं बेअरिंग गेलेलं असायचं. हमीद मिस्त्री यायचे, पांढरा धातू वितळवायचे, ओतायचे, काजळ लावून खरवडून शाफ्टावर बसवायचे. दोन दिवस गिरणी बंद. बायका न दळलेला जोंधळा डोक्यावर घेऊन परत.

मिस्त्री म्हणायचे तेल वाईट आहे. तेलवाला म्हणायचा मिस्त्री वाईट आहे. मी म्हणायचो पिठाची धूळ तेलात पडते, तेल जाड कापडातून गाळून घ्या. तू कुणाचंच ऐकायचा नाहीस. एका सकाळी तू मला म्हणालास, "मुनीम, बेरिंग चालून झिजत न्हाय. उठताना झिजतंय. म्हाताऱ्या माणसागत. बसलेलं असलं तर बरं असतंय, चालायला लागलं की बरं असतंय, उठतानाच कंबर मोडतीय." इंजिन रात्रभर उभं राहिलं की शाफ्टावरचं तेल निथळून खाली जातं, आणि सकाळी हँडल मारलं की पहिले काही फेरे धातूवर धातू कोरडाच घासतो, असं तुझं म्हणणं. तेल आधीच तिथं हजर पाहिजे. त्यासाठी तू बेअरिंगच्या वर पत्र्याची डबी बसवलीस आणि तिच्यातून वात खाली सोडलीस. दिव्यात वात तेल ओढते तशी ही वात तेल ओढून थेंब थेंब खाली सोडणार, इंजिन उभं असलं तरी.

तुझी पहिली वात आठवते का? तू घरून आणलेली. वैनींनी पूजेसाठी वळून ठेवलेल्या वातींतल्या चार तू न विचारता उचलल्यास. त्या तुपात भिजवून ठेवलेल्या होत्या. पौषातली थंडी. तूप गोठलं, तेल काही उतरेना, आणि दुपारपर्यंत बेअरिंगमधून धूर. हमीद मिस्त्रींनी टोपण उघडलं, वात चिमटीत धरली, हुंगली.

"अप्पा, ये क्या? तूप?"

"वात हाय."

"वात तो दिखरी मेरेकू बी. बेरिंगची आरती करायला निघाला होता का तुमी? मंग घंटी बी बांधायची होती."

"तूप हाय हे मला काय ठावं?"

"घरात बायकोला विचारलं असतं तर ठावं झालं असतं!"

वैनींनी तुला त्या दिवशी जेवायला कोरडी भाकरी वाढली. "तूप इंजिनाला घातलंय," म्हणाल्या. तू तेही आनंदानं खाल्लंस. दुसऱ्या दिवशी घोंगड्या विणणाऱ्या धनगराकडून लोकरीचं सूत आणलंस. लोकर तेल बरोबर ओढत होती, थेंब सारखा पडत होता, आणि तू दिवसभर कुणालाही हाताला धरून तो थेंब दाखवत होतास.

आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं. तू लोकरीची वात लावलीस त्याच दिवशी माझं ऐकून तेलही कापडातून गाळायला लागलास. बेअरिंग जास्त चाललं. तू म्हणालास वातीमुळं. मी म्हणालो कशावरून? कापडामुळंही असेल. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. तू चिडलास. "तुला काय पाहिजे मुनीम, बेरिंग का बेरिंगचा दाखला?" मी म्हणालो, दोन्ही. जळकोटपासून तुळजापूरपर्यंत विहिरी-विहिरीवर इंजिनं बसत होती, सगळ्यांची बेअरिंगं जात होती, आणि तू प्रत्येकाला सांगत सुटला होतास की वातीच्या डबीनं बेअरिंग दुप्पट चालतं. दुप्पट हा आकडा तू कुठून आणलास, हे मी तुला चारचौघांत विचारलं. तू म्हणालास, "तोंडातून." सगळे हसले. मीही हसलो. पण तू घरी जाताना माझ्याशी बोलला नाहीस.

मग तू ठरवलंस की मला दाखवायचंच. गाळलेलं तेल दोन्ही वेळेला तेच, फक्त वात बदलायची. पण उठणं दोन्ही वेळेला सारखंच पाहिजे, म्हणून रोज पहाटे ठरलेला एक तासच थांबवून पुन्हा हँडल मारायचं; एरवी कुठंही थांबलं तर हिशेब बिघडतो. आधी वातीशिवाय चालवलं. नवव्या दिवशी बेअरिंग गेलं. मिस्त्रींनी नवं ओतलं. आता वातीसह चालवायचं, नऊ दिवसांच्या पुढं गेलं तर तू जिंकलास.

दोनदा ते मोडलं, आणि दोन्ही वेळा तूच मोडलंस. पहिल्यांदा वरच्या आळीतल्या कुंभाराची लेक गेली. आपल्याकडं गावात मयत असलं की गिरणी थांबते, माती होईपर्यंत पुकपुक ऐकू येता कामा नये. रानात काम करणारी माणसंसुद्धा आवाज थांबला की उभी राहून गावाकडं बघतात. मी म्हणालो, आपण वरचा डबा काढू, आवाज कमी होईल, इंजिन चालू राहील. तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि इंजिन थांबवलंस. दुसऱ्यांदा हमीद मिस्त्रींची अम्मी गेली. मिस्त्री स्वतः निरोप घेऊन आले, "अप्पा, चालू द्या. तुमचा खेळ पुन्हा खराब होईल. अम्मी काय म्हणणार न्हाय." तू त्यांच्या देखत डिझेल बंद केलंस. चाक थांबेपर्यंत दोघं उभे होता. मग तू त्यांच्याबरोबर कबरस्तानात गेलास.

तिसऱ्यांदा या पौषात सुरू केलं. दिवसा तू, रात्री मी आणि मिस्त्री आळीपाळीनं. दळण नसलं की पट्टा काढून इंजिन मोकळंच चालवायचं, डिझेल जळताना बघून माझा जीव तुटायचा, आणि तू म्हणायचास, "हे बी दळणच हाय, मुनीम." वैनी डबा घेऊन यायच्या आणि तुला घरी यायला सांगायच्या. तुझा चेहरा उतरलेला होता. मला दिसत होतं. मला वाटलं जागरणानं.

सहाव्या दिवशी सकाळी तू टोपणावर हात ठेवून बसला होतास. मी तेल गाळत होतो. तू म्हणालास, "गार हाय. आता बोल." मी मान वर न करता म्हणालो, "अजून तीन दिवस आहेत." तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, रागावलास. बघितलं तर तू पोत्यावरून बाजूला कलंडला होतास.

एवढंच आपलं शेवटचं बोलणं. मी ते दुसऱ्या कुठल्या शब्दांनी बदलू शकत नाही, मल्लिनाथ. झोपताना प्रयत्न करतो. "गार आहे खरं" एवढं म्हणायला मला काय झालं असतं? पण तीन दिवस होतेच ना. ते खोटं नव्हतं.

तुला घरी नेलं. ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं, तुमच्या लिंगायतांत बसवतात तसं. कपाळाला विभूती लावली. स्वामी आले, भजन सुरू झालं. आणि त्या सगळ्यातून पुकपुक ऐकू येत होतं. मी गिरणीत परत गेलो होतो आणि चाकाजवळ उभा होतो. हमीद मिस्त्री धावत आले.

"मुनीमजी, बंद करा."

"याच्यासाठी त्यानं किती दिवस घातले मिस्त्री. तीन दिवस राहिलेत."

"माझ्या अम्मीसाठी त्यानं बंद केलं. मी नको म्हणत होतो तरी. आन आता त्याच्यासाठी चालू ठेवता? मी कोणत्या तोंडानं खांदा देऊ?"

"त्याला हेच हवं होतं."

"तुमाला काय ठावं त्याला काय पायजे होतं? तुमी तर त्याचं कधी खरंच मानलं न्हाय!"

आम्ही मयताच्या दिवशी गिरणीत ओरडून भांडत होतो. मग वैनी आल्या. घरातली बाई मयत सोडून बाहेर आलेली मी पहिल्यांदा बघितली. पदर डोक्यावरून पार खाली. त्या इंजिनाकडं बघत नव्हत्या.

"बंद करा भावजी," म्हणाल्या. "त्यांना ऐकू येतंय असं वाटतंय मला. हे चालू असलं तर त्यांचा पाय निघायचा न्हाय."

मिस्त्रींनी डिझेल बंद केलं. मोठं चाक हळू होत गेलं, थांबताना थोडं उलटं आलं आणि स्थिर झालं. नळदुर्गात मी इतकी शांतता ऐकलेली नव्हती. रानात कुठं कुठं माणसं उभी राहिली असतील, गेलेला माणूस गिरणीवालाच आहे, हे त्यांना अजून कळलं नसेल.

चार दिवसांनी मी आणि मिस्त्रींनी टोपण उघडलं. शाळेच्या मास्तरांकडून स्क्रूगेज मागून आणलं. शिशाची बारीक तार शाफ्टावर ठेवून टोपण आवळलं, सोडलं आणि चपटी झालेली तार मोजली, तिची जाडी तीच झिजेची फट. झीज जवळजवळ काहीच नव्हती. मिस्त्री म्हणाले, "देखा? अप्पा खरा होता." मी म्हणालो, सहाव्या दिवशी जुनंही असंच असेल, ते आपण सहाव्या दिवशी उघडून कुठं बघितलं होतं? मिस्त्रींनी हातातला पाना खाली टाकला आणि बाहेर जाऊन बसले.

पुन्हा पहिल्यापासून चालवता आलं असतं. डिझेलचे पैसे वैनींच्या वाट्यातून गेले असते. आणि टोपणावर हात ठेवून बसायचं कुणी? मी एकदा बसून बघितलं. मला गरम आहे की गार, काहीच कळलं नाही.

हे सगळं सांगून झालं. आता शुक्रवारचं सांगतो.

विश्वनाथअप्पा गाडी घेऊन आले. इंजिनाभोवती दोर पडले. तेव्हा त्यांनी वातीच्या डबीवर बोट ठेवलं.

"मल्लिनाथअप्पा म्हणत होते, ह्यानं बेरिंग दुप्पट चालतंय. ते गेले, आता त्यांना काय विचारावं? तुमी सांगा मुनीम. तुमी लबाड बोलत न्हाय, सगळ्यांना ठावं हाय. चालंल का दुप्पट?"

मिस्त्री माझ्याकडं बघत होते. वैनी दारात होत्या, आज दाराआड नव्हे, दारात. लेक त्यांच्या मागं. माझ्या तोंडून फक्त एक "हो" यायचा होता. तो तुझाच शब्द होता, मला तो नुसता उचलून द्यायचा होता. मी मनात तुझी वात, तुझा थेंब, सहा दिवस, चपटी तार, सगळं एकापुढं एक ठेवलं. दुप्पट काही होईना.

"माहीत नाही," मी म्हणालो. "सहा दिवस चाललं. पुढचं आम्ही बघितलेलं नाही."

"म्हंजे बेरिंग कदी जाईल ते बी सांगता येत न्हाय?"

"नाही."

विश्वनाथअप्पा वाईट माणूस नाहीत. डबीवरचं बोट काढून ते म्हणाले, मग बाराशे जड होतात, हजार देतो. ज्या माणसाला बेअरिंगचा भरवसा सांगता आला नाही, त्यानं घासाघीस कशाच्या जोरावर करायची? विसार धरून हजार रुपये त्यांनी पुरे केले. डबी त्यांनी काढायला सांगितली, "पत्रा कशाला वागवायचा," म्हणाले. मिस्त्रींनी ती काढली नाही. गाडीवाल्यानं काढली.

गाडी गेल्यावर वैनी ओसरीवर बसल्या.

"भावजी, ते असते तर काय म्हणले असते?"

"चालंल म्हणाला असता. तिप्पट म्हणाला असता."

"लबाड बोलले असते?"

"नाही वैनी. त्याला खरंच तसं वाटायचं."

त्यांनी बराच वेळ जमिनीवर रेघ ओढली. मग वर न बघता विचारलं, "मग तुमाला का न्हाय वाटलं?"

मल्लिनाथ, तू इतकी वर्षं माझ्या बाजूला बसून मला तो थेंब दाखवत होतास. माझ्या घरात चूल तुझ्यामुळं पेटली. तुझ्यावर विश्वास होता, हे मी शपथेवर सांगेन. तुझ्या बेअरिंगवर मात्र मला नऊ दिवस हवे होते, आणि ते आता कुणीच देऊ शकत नाही. तू खरा होतास की मी, हे न कळताच मला राहिलेली वर्षं काढायची आहेत. कळलं असतं आणि तू खरा ठरला असतास, तर मी किती आनंदानं हरलो असतो, हे सांगायला तरी तू हवा होतास.

दोनशे रुपये माझ्या बोलण्यानं कमी झाले, म्हणून ते मी माझ्या वाट्यातून धरले. हजारातले सहाशे शिवगंगा वैनींना दिले, हमीद मिस्त्रींच्या समक्ष, शंभराच्या सहा नोटा. चारशे मी घेतले. वैनींनी नोटा न मोजता लेकीच्या हातात दिल्या आणि आत निघून गेल्या.